मास्क आपला, हवा भाड्याची

भिलाईपासून समुद्र कोणत्याही दिशेने जवळ नाही. तरी सप्टेंबर 2024 मध्ये दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाली आणि बंगालचा उपसागर आठेक तासांवर आला. मराठी घरांतली मंडळी मात्र अजून उलट्या दिशेने जातात : दुर्गहून नागपूरमार्गे मुंबई, हे सुमारे 1100 किलोमीटर, आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण–तारकर्ली. सुटीहून परतलेल्या छात्रांकडून स्कूबाच्या गोष्टी ऐकू येतात आणि त्यांच्या मागोमाग पालकांचा प्रश्न येतो : मुलगा म्हणतो स्वतःचे साहित्य घेऊन द्या, घ्यावे का, की तिथे भाड्याने मिळते तेच बरे?

आधी एक गैरसमज दूर करू. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्याला ‘स्कूबा केला’ म्हणतात, ती बहुधा ओळखीची बुडी असते. प्रशिक्षक शेजारी असतो, सिलिंडर आणि जॅकेट तोच सांभाळतो, खोली थोडी असते आणि साहित्याचे पैसे शुल्कातच धरलेले असतात. एवढ्यासाठी कोणी काहीही विकत घेऊ नये. इथे पालकांनी रेग्युलेटरपेक्षा होडीकडे जास्त लक्ष द्यावे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर हवे आणि किनाऱ्यावर उतरेपर्यंत ते काढायचे नाही. होडीत किती माणसे बसवली आहेत, हेही मोजायला लाजू नये.

साहित्याचा प्रश्न खरा सुरू होतो तो प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. अंदमानात, गोव्यात, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर खासगी केंद्रे आहेत. पॅडी या संघटनेच्या नियमांप्रमाणे दहाव्या वर्षापासून ज्युनियर प्रमाणपत्र घेता येते. बारा ते चौदा वयाच्या मुलाला प्रमाणित मोठ्या माणसाबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येते आणि पंधराव्या वर्षी पूर्ण ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे आपल्या शाळेतले बरेच छात्र या वयात बसतात.

छात्रांना हा विषय समजायला कॅम्पचे उदाहरण पुरे आहे. कॅम्पला जाताना बूट, मोजे, मेस टिन आणि मग आपण स्वतःचे नेतो. तंबू तिथला असतो, रायफल कोतमधून मिळते आणि परत कोतमध्ये जमा होते. दुसऱ्याच्या बुटात कोणी दहा किलोमीटर चालत नाही, आणि स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन कोणी रेल्वेत चढत नाही. स्कूबाचेही तसेच आहे. शरीराशी नेमके बसावे लागते ते आपले असावे. जड आहे आणि जागेशी बांधलेले आहे ते तिथले घ्यावे. वाद उरतो तो मधल्या दोन वस्तूंचा, रेग्युलेटर आणि जॅकेटचा. त्याकडे येऊच.

सिलिंडरबद्दल तर निवडच नाही. डायव्हिंग केंद्रांवर नेहमी दिसणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर 11 लिटरहून थोडा अधिक पाणी मावेल एवढा असतो, रिकामा सुमारे 14 किलो भरतो आणि त्यात 200 बार दाबाने सव्वादोन हजार लिटर हवा कोंबलेली असते. नुसत्या हवेचेच वजन अडीच किलोच्या वर जाते. बुडीच्या शेवटी सिलिंडर हलका होऊन माणूस वर तरंगू लागतो तो यामुळेच. भरलेला सिलिंडर विमानात कोणी घेत नाही. रेल्वेच्या नियमांत रिकामे गॅस सिलिंडरसुद्धा सामान म्हणून नेता येत नाहीत. शिवाय अशा सिलिंडरची निर्मिती, आयात आणि भरणी गॅस सिलिंडर नियम 2016 खाली येते आणि त्याची अंमलबजावणी करणारी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय नागपूरला आहे. मुंबईला जाताना आपली गाडी ज्या शहरातून जाते तिथेच. शिशाची वजनेही तिथलीच घ्यायची. शिसे भिलाईहून मालवणला वाहून नेण्यात काही शहाणपण नाही.

याचा अर्थ असा की बाकी सारे साहित्य स्वतःचे घेतले, लाखभर खर्च केला, तरी श्वासात जाणारी हवा ही भाड्याचीच राहते. कोणत्या कॉम्प्रेसरने ती भरली, त्याचे फिल्टर कधी बदलले, कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या नळीजवळ डिझेल इंजिनाचा धूर येतो का, हे आपल्या बॅगेतल्या कोणत्याही वस्तूला कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय, हे पोलाद कारखान्यात भट्टीच्या वायूजवळ काम केलेल्या पालकांना सांगावे लागत नाही : रंग नाही, वास नाही. पाण्याखाली त्यात आणखी एक गोष्ट मिळते. 20 मीटर खोलीवर एकूण दाब तिप्पट असतो, म्हणून हवेत मिसळलेल्या विषारी वायूचा अंशिक दाबही तिप्पट होतो. जमिनीवर फक्त डोके दुखवणारे प्रमाण खाली बेशुद्ध करू शकते. मोनॉक्साइडला वास नसला तरी बिघडलेल्या कॉम्प्रेसरच्या हवेत बहुधा तेलाचा किंवा धुराचा वास असतो. म्हणून व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा हुंगायची. वास आला तर तो सिलिंडर घ्यायचा नाही, मग केंद्रवाला कितीही ‘काही होत नाही’ म्हणो.

सिलिंडर चाचणीची तारीखही पाहायला शिकावे. घरच्या स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरवर वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे. ती पुढच्या चाचणीची मुदत असते. स्कूबाच्या सिलिंडरवर खांद्याच्या धातूतच महिना आणि वर्ष ठोकलेले असते, पण ती झालेल्या चाचणीची तारीख असते. एकीकडे पुढची, दुसरीकडे मागची. गोंधळ इथेच होतो. पाण्याच्या दाबाने घ्यायची ही चाचणी साधारणपणे दर पाच वर्षांनी लागते. 2018 चा शिक्का असलेला सिलिंडर आज कोणी पुढे केला, तर दुसरा मागायचा.

आता आपल्या बॅगेकडे. पहिली वस्तू मास्क, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्याची ठेवण वेगळी असते. भाड्याचा मास्क कपाळावर बसला तर नाकाशी गळतो, नाकाशी बसला तर गालावर गळतो, आणि नवशिक्याची घबराट बहुतेक वेळा नाकात शिरलेल्या घोटभर पाण्यापासून सुरू होते. पारख सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत घ्यायचा आणि हात सोडायचा. श्वास रोखून धरेपर्यंत तो चिकटून राहिला तर तो तुमचा. केस मध्ये आले तर बसत नाही. ज्यांना मिशा फुटू लागल्या आहेत त्यांनाही थोडा त्रास होईल. चष्मा लागणाऱ्यांना नंबरच्या काचा बसवता येतील असे मास्क मिळतात आणि त्यांच्यासाठी तर स्वतःचा मास्क हाच खरा उपाय. पाण्याखाली वस्तू जवळजवळ एकतृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते, त्यात धूसरपणाची भर नको. काच टेम्पर्ड असावी, तसे काचेवरच लिहिलेले असते. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर धुके धरते.

दुसरी वस्तू इतकी स्वस्त आहे की तिच्याबद्दल कोणी बोलत नाही : रेग्युलेटरचे तोंडात धरायचे सिलिकॉनचे टोक, म्हणजे माउथपीस. आपले माउथपीस आणि एक प्लास्टिकची बांधपट्टी खिशात ठेवावी. भाड्याच्या रेग्युलेटरवर ते दोन मिनिटांत बदलता येते, मात्र प्रशिक्षकाला विचारून आणि पट्टी घट्ट बसली हे त्याला दाखवून. आधीच्या कोणाचे दात उमटलेले माउथपीस चावायची गरज राहत नाही आणि जबडाही दुखत नाही.

तिसरी वस्तू डाइव्ह कॉम्प्युटर. मनगटावरचे हे यंत्र किती खोल, किती वेळ होतो ते मोजते आणि त्यावरून शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब चालवते. तो हिशेब त्या यंत्राच्या मालकाचा असतो. सकाळी ते दुसऱ्या कोणाच्या हातावर होते आणि दुपारी तुमच्या हातावर आले, तर ते दुसऱ्याच्या बुडीचा हिशेब तुमच्या नावावर पुढे चालवेल. किंवा उलट, तुमची सकाळची बुडी त्याला ठाऊकच नसेल आणि ते खुशाल जास्त वेळ दाखवेल. भाड्याने घेतलाच तर सगळ्या दिवसांत तोच एक घ्यावा. नियमित डायव्हिंग करणार असाल तर मास्कनंतर पैसे घालायची जागा ही. तो हलका असतो आणि मुलगा वाढला म्हणून लहान होत नाही.

हे वाढण्याचे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे. आठवीतल्या मुलाला हौसेने घेतलेले फिन्स नववीत पायात शिरत नाहीत आणि वेटसूट दंडाशी रक्त अडवतो. घट्ट वेटसूटमध्ये छाती पुरती फुगत नाही, ते धोक्याचेच आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत या दोन्ही वस्तू भाड्याच्याच बऱ्या. आपल्या किनाऱ्यांवर पाणी हंगामात ऊबदार असते, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो आणि तो केंद्रांवर मिळतो.

आता रेग्युलेटर. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमील गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र घडवले आणि आजचा स्कूबा जन्मला. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा 200 बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार अधिक इतक्यावर उतरवतो. तोंडातला दुसरा टप्पा तो पाण्याच्या दाबाइतका करतो, आणि तोही आपण श्वास ओढू तेव्हाच. रचना अशी केलेली असते की बिघाड झाला तर हवा बंद पडण्याऐवजी बहुधा जास्त वाहू लागते. पालकांना यातून थोडा धीर यावा.

स्वतःचा रेग्युलेटर घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. या यंत्रावर जीव आहे. ते कोणी वापरले, आपटले, कधी उघडून साफ केले हे मालकालाच माहीत असते. जॅकेटचेही तसे. हवा सोडायची दोरी खांद्यावर नेमकी कुठे आहे, हे अंधारात हाताला कळले पाहिजे, जसे आपल्या रायफलचा सेफ्टी कॅच बोटाला कळतो. मुंबई, गोवा, कोची किंवा पोर्ट ब्लेअरला राहून महिन्यातून दोनदा पाण्यात उतरणाऱ्याने ते जरूर घ्यावे.

भिलाईत राहणाऱ्याचे गणित निराळे आहे. रेग्युलेटर वापराने झिजतो तसा नुसता पडून राहूनही बिघडतो. आतल्या रबरी कड्या कोरड्या पडतात, खारट पाण्याचा थेंब राहिला तर धातूवर हिरवट थर धरतो, आणि माळ्यावर ठेवलेल्या बॅगेत मे महिन्यात काय तापमान असते ते आपल्याला ठाऊक आहे. तोंडाच्या टोकातून झुरळे आत शिरल्याचे किस्से डायव्हर लोक हसत सांगतात. पाण्याखाली ती हसायची गोष्ट नाही. बहुतेक उत्पादक वर्षा-दोन वर्षांनी अधिकृत कारागिराकडून तपासणी सांगतात. असे कारागीर किनाऱ्याच्या किंवा मोठ्या शहरांत असतात; म्हणजे पार्सलने पाठवा आणि परत मागवा. उलट चांगल्या केंद्रातला रेग्युलेटर रोज वापरात असतो, रोज गोड्या पाण्यात धुतला जातो आणि काही बिघडले तर त्याच दिवशी प्रशिक्षकाला कळते. अकरा महिने कपाटात ठेवलेली स्वतःची वस्तू ही रोजच्या वापरातल्या भाड्याच्या वस्तूपेक्षा आपोआप सुरक्षित ठरत नाही. ‘आपले ते चांगले’ ही भावना इथे फसवते.

पैशाचा हिशेबही करून पाहू. समजा, रेग्युलेटर आणि जॅकेट मिळून 80,000 रुपये लागले आणि ते दहा वर्षे टिकले, तर वर्षाला 8,000. तपासणी आणि पार्सल धरून वर्षाला आणखी 6,000 धरा. झाले 14,000. वर्षातून एकदा जाऊन सहा बुड्या मारल्या तर एका बुडीमागे 2,300 रुपयांहून अधिक; चाळीस मारल्या तर 350. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपापले घालून बघावे. भाड्याचा दर केंद्राकडून आधीच विचारून घ्यावा, कारण काही ठिकाणी तो बुडीच्या दरातच असतो आणि मग स्वतःचे साहित्य नेल्याने एक रुपयाही वाचत नाही.

आणखी एक अडचण दुकानदार सहसा सांगत नाही. सिलिंडरला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. योक पद्धतीत बाहेरून शिकंजा आवळतात, डिन पद्धतीत आट्यांनी आत फिरवून बसवतात. युरोपात डिन जास्त, आपल्याकडच्या पर्यटन केंद्रांत योक सर्रास. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेला डिन रेग्युलेटर जोडतुकड्याशिवाय इथे बसणार नाही. विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.

म्हणून माझे मत असे आहे : भिलाईच्या छात्राने मास्क आणि माउथपीस स्वतःचे ठेवावे, पुढे कॉम्प्युटर घ्यावा, बाकी भाड्याने घ्यावे, आणि भाड्याने घेताना तपासायला शिकावे. नौदलाचा डायव्हर साहित्य घरून आणत नाही, त्याला ते भांडारातून मिळते. पण पाण्यात उतरण्यापूर्वी तपासणी होते आणि ती त्याला स्वतःला येत असते.

किनाऱ्यावर ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. जॅकेट तोंडाने किंवा बटणाने पूर्ण फुगवून बाजूला ठेवा आणि बाकीचे होईपर्यंत तसेच राहू द्या. सैल पडले तर परत करा. हवा भरायचे बटण दाबून सोडल्यावर लगेच वर यायला हवे. अडकणारे बटण माणसाला फुग्यासारखे वर फेकते. नळ्या धातूला मिळतात त्या टोकाशी वाकवून भेगा बघा. सिलिंडर उघडण्यापूर्वी माउथपीसमधून श्वास ओढा. हवा येता कामा नये. आली तर कुठेतरी फट आहे. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, काटा 200 च्या आसपास आहे ना पाहा आणि काट्याकडे नजर ठेवून चार-पाच खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. हेच जास्तीच्या, म्हणजे सोबत्याला द्यायच्या रेग्युलेटरवरही करा. तो बहुतेक जण विसरतात.

सामानाचा प्रश्न आता बराच सोपा होतो, पण पूर्ण संच नेणाऱ्यांसाठी दोन शब्द. जॅकेट साडेतीन किलो, रेग्युलेटर काट्यांसह तीन, फिन्स आणि पायमोजे तीन, वेटसूट दोन, बाकी किरकोळ एक : साडेबारा किलो. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो चालते, म्हणजे कपड्यांना अडीच किलो. परतताना वेटसूट ओला असला तर तेही गेले. रेल्वेत स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात 40 किलोपर्यंत मोफत सामान चालते, हा दुर्गहून निघणाऱ्यांचा मोठा फायदा. विमानात रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत ठेवावे, सुरी नेहमी तपासणीच्या सामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातच हव्यात, आणि पाण्याखालच्या प्रखर टॉर्चसाठी विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन बॅटरी वेगळी काढावी लागते, कारण चुकून पेटलेला टॉर्च बॅगेत भाजतो.

परतीचा दिवस ठरवताना आणखी एक नियम पाळायचा. एकच बुडी मारली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास, अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान 18 तास थांबायचे, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे. पुष्कळ जण सरळ 24 तास धरतात. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी असतो आणि विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. रेल्वेने जाणाऱ्यांना हा जाच कमी, पण दुपारी बुडी मारून संध्याकाळी मोटारीने आंबोली घाट चढणारे हे विसरतात. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे. तीही घाई टाळावी. हा थांबण्याचा दिवस साहित्याच्या कामी येतो. मास्क गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवता येतो. उन्हात सिलिकॉन पिवळे पडते.

छात्रांनी सोडवण्यासाठी एक उदाहरण. 11.1 लिटरचा सिलिंडर, 200 बार भरलेला, त्यातले 50 बार राखीव ठेवायचे. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा डायव्हर 20 मीटरवर, म्हणजे 3 बार दाबाखाली, मिनिटाला 60 लिटर घेतो. उपलब्ध हवा 11.1 गुणिले 150, म्हणजे 1665 लिटर. भागिले 60, सुमारे 27 मिनिटे. आता भाड्याच्या सिलिंडरचा काटा 200 ऐवजी 180 दाखवतो आहे आणि बुडी 18 मीटरची आहे. 18 मीटरवरचा दाब आधी काढा, मग भरलेल्या सिलिंडरच्या मानाने किती मिनिटे कमी मिळतील ते सांगा. उत्तर चारच्या आसपास यायला हवे.